घरगुती ध्वनिमुद्रणातील पार्श्वगोंगाट आणि हेडफोनची पातळी : दोषनिदानाची एक पद्धत

सारांश

व्याख्याने, मुलाखती आणि लोकसाहित्याचे नमुने घरच्या घरी मुद्रित करण्याचे काम आज अनेक महाविद्यालयीन अध्यापक करीत आहेत. अशा मुद्रणात दोन तक्रारी वारंवार आढळतात. पहिली पार्श्वभूमीवरील गोंगाटाची आणि दुसरी हेडफोनमध्ये ऐकू येणाऱ्या आवाजाच्या पातळीची. तांत्रिकदृष्ट्या या दोहोंचे मार्ग स्वतंत्र आहेत; परंतु वक्त्याच्या बोलण्यावर हेडफोनचा जो परिणाम होतो, त्यामुळे ते एकमेकांशी जोडले जातात. प्रस्तुत लेखात या दोषांचे निदान कोणत्या क्रमाने करावे, त्यावर कोणते उपाय योजावेत आणि सॉफ्टवेअरने गोंगाट काढण्याच्या मर्यादा मराठी उच्चारांच्या संदर्भात कोणत्या आहेत, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : ध्वनिमुद्रण, पार्श्वगोंगाट, गेन, हेडफोन, संरोध, दोषनिदान.

१. प्रस्तावना

ध्वनिमुद्रण ही एकेकाळी आकाशवाणी केंद्रे आणि व्यावसायिक स्टुडिओ यांच्यापुरती मर्यादित असलेली प्रक्रिया होती. संगणक, यूएसबी मायक्रोफोन आणि विनामूल्य सॉफ्टवेअर यांमुळे ती घरात आली. मार्च २०२० नंतर महाविद्यालये बंद असताना हजारो अध्यापकांनी प्रथमच स्वतःच्या आवाजात व्याख्याने मुद्रित केली. टाळेबंदी संपली, परंतु ध्वनिमुद्रित अध्यापनसामग्रीची गरज संपली नाही. मौखिक इतिहास, बोलीभाषा आणि लोकगीते यांच्या अभ्यासकांना तर मुद्रण हाच मूळ पुरावा असतो.

या पुराव्याची गुणवत्ता अनेकदा महागड्या उपकरणांच्या अभावी नव्हे, तर चुकीच्या निदानामुळे खालावते. हेडफोनमध्ये सूं असा आवाज येतो म्हणून माइक बदलला जातो. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज बारीक येतो म्हणून मुद्रणाचा गेन वाढविला जातो. पहिल्या उदाहरणात पैसे वाया जातात, दुसऱ्यात मुद्रणच वाया जाते. मुलाखत देणारी व्यक्ती वयोवृद्ध असेल, तर असे मुद्रण पुन्हा करण्याची संधी मिळेलच असे नाही. म्हणून ऐकू येणारा दोष आणि मुद्रित झालेला दोष यांत भेद करणे ही निदानाची पहिली पायरी होय.

२. दोन स्वतंत्र मार्ग

मुद्रणाच्या वेळी आवाज दोन मार्गांनी प्रवास करतो. पहिला मुद्रणमार्ग : तोंड, खोलीतील हवा, मायक्रोफोन, प्रवर्धक, अंकीय रूपांतर आणि शेवटी संगणकातील फाइल. या मार्गावर गेनच्या बटणाचे नियंत्रण असते. दुसरा श्रवणमार्ग : अंकीय किंवा थेट संकेत, हेडफोनचा प्रवर्धक, हेडफोन आणि कान. येथे हेडफोनच्या बटणाचे नियंत्रण चालते. हेडफोनचे बटण कितीही फिरविले, तरी फाइलमधील आवाजात त्यामुळे थेट कोणताही फरक पडत नाही.

पहिल्या मार्गाचे मापन कानांनी नव्हे, तर मुद्रण सॉफ्टवेअरमधील पातळीमापकाने करावयाचे असते. अंकीय मुद्रणात ० डेसिबल ही कमाल पातळी असून इतर सर्व पातळ्या तिच्याखाली, म्हणजे ऋण आकड्यांत मोजल्या जातात. संकेत ० च्या वर जाऊ पाहतो तेव्हा त्याचे शेंडे कापले जातात. त्यातून निर्माण होणारी करकर नंतर पूर्णपणे दुरुस्त करता येत नाही. म्हणून बोलण्यातील सर्वांत मोठे उच्चार सुमारे उणे १२ डेसिबलपर्यंत जातील असा गेन ठेवणे हिताचे ठरते. १६ बिट मुद्रणाची सैद्धांतिक व्याप्ती सुमारे ९६ डेसिबल, तर २४ बिट मुद्रणाची सुमारे १४४ डेसिबल असते. साहजिकच २४ बिट मुद्रणात पातळी थोडी कमी राहिली, तर बिघडत नाही. ती वाढून शेंडे कापले गेले, तर मात्र बिघडते.

३. गोंगाटाचे प्रकार

पार्श्वगोंगाट हा एकच शब्द असला, तरी त्याची उगमस्थाने किमान तीन आहेत.

३.१ खोलीतील ध्वनी : छताचा पंखा, फ्रिज, रस्त्यावरील वाहने, कुकरच्या शिट्ट्या हे प्रत्यक्ष हवेतून येणारे ध्वनी होत. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. एक मीटर अंतरावरून ऐकलेले सामान्य संभाषण साधारणतः ६० डेसिबल असते. म्हणजे नियमाचे काटेकोर पालन होत असलेल्या वस्तीतही, उघड्या खिडकीजवळ दूर ठेवलेल्या माइकला वक्ता आणि रस्ता यांच्यात फारसा फरक जाणवणार नाही.

३.२ विद्युत गोंगाट : भारतातील वीजपुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झचा आहे. त्यामुळे वायरिंगमधून शिरणारी घूं अशी घरघर ५० हर्ट्झ व तिच्या पटींत, म्हणजे १००, १५० हर्ट्झ अशी आढळते. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, मंद करता येणारे दिवे आणि लॅपटॉपचा चार्जर हे तिचे नेहमीचे स्रोत होत. दोन उपकरणे वेगवेगळ्या ठिकाणी अर्थिंगला जोडली गेल्यासही अशी घरघर निर्माण होते. अशा वेळी तीन पिनी प्लगमधील अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो जीवघेणा ठरू शकतो. सर्व उपकरणे एकाच विस्तारफळीवर जोडणे हा सुरक्षित उपाय होय.

३.३ उपकरणाचा स्वतःचा गोंगाट : प्रत्येक प्रवर्धकात सूं असा बारीक आवाज मुळातच असतो आणि गेन जितका अधिक, तितका तो स्पष्ट होतो. याचा संबंध मायक्रोफोनच्या संवेदनशीलतेशी आहे. उदाहरणार्थ, ध्वनीचा दाब एक पास्कल असताना शूर एसएम५८ हा डायनॅमिक मायक्रोफोन सुमारे १.८५ मिलिव्होल्ट, तर रोड एनटी१-ए हा कंडेन्सर मायक्रोफोन सुमारे २५ मिलिव्होल्ट संकेत देतो. हा फरक सुमारे २३ डेसिबलचा आहे. तेवढा गेन डायनॅमिक माइकसाठी अधिक द्यावा लागतो आणि साध्या प्रवर्धकात तेथेच सूं ऐकू येऊ लागते. डायनॅमिक माइक खोलीतील गोंगाट घेत नाही, ही समजूत अर्धसत्य आहे. तो तोंडाच्या अगदी जवळ धरला जातो, हे गोंगाट कमी येण्याचे मुख्य कारण होय.

४. निदानाचा क्रम

निदानाचा मूलभूत नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतरचे मापन लिहून ठेवावे. दोन गोष्टी एकदम बदलल्यास दोष गेला तरी त्याचे कारण कळत नाही व तो पुन्हा उद्भवतो. पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

(१) नेहमीच्या मांडणीत ३० सेकंद मौन आणि नंतर ३० सेकंद बोलणे मुद्रित करावे. मौनातील व बोलण्यातील सरासरी पातळी पाहावी. या दोहोंतील अंतर हीच मुद्रणाची खरी गुणवत्ता होय. तुलनेसाठी, बोलक्या पुस्तकांच्या क्षेत्रातील एसीएक्स ही संस्था मौनातील पातळी उणे ६० डेसिबलपेक्षा अधिक नसावी आणि बोलण्याची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलदरम्यान असावी, असा निकष लावते.

(२) तीच फाइल भ्रमणध्वनीवर किंवा दुसऱ्या संगणकावर ऐकावी. तेथे गोंगाट नसेल, तर दोष मुद्रणमार्गात नसून श्रवणमार्गात आहे. अशा वेळी माइक अथवा गेन बदलण्याचे काहीच कारण उरत नाही.

(३) गोंगाट फाइलमध्ये असेल, तर पंखा, फ्रिज, दिवे ही उपकरणे एकेक बंद करून मौनाचे मुद्रण पुन्हा करावे.

(४) लॅपटॉपचा चार्जर काढून केवळ बॅटरीवर मुद्रण करावे. घरघर थांबली, तर कारण वीजपुरवठ्यात आहे.

(५) गेन किमान पातळीवर आणावा. गोंगाट त्याबरोबर कमी झाला, तर तो खोलीतून, माइकमधून अथवा प्रवर्धकातून येत आहे. गेन कमी करूनही तो तसाच राहिला, तर रूपांतरक किंवा यूएसबी जोडणी तपासावी. माउस हलविताना बदलणारी बारीक शिट्टी हे यूएसबीतील गोंगाटाचे ठळक लक्षण होय; जोडणीचे दुसरे छिद्र किंवा स्वतंत्र वीज घेणारा हब वापरून पाहावा.

(६) शेवटी केबल आणि मग मायक्रोफोन बदलून पाहावा. सर्वांत खर्चिक शंका सर्वांत शेवटी तपासावी, हे या क्रमामागील तत्त्व आहे.

आणखी एक लक्षण येथे नोंदविले पाहिजे. वक्ता बोलत असताना गोंगाट ऐकू येत नाही, पण तो थांबताच हळूहळू वर येतो आणि पुन्हा बोलू लागताच दबतो, असे झाल्यास दोष खोलीचा नसून स्वयंचलित गेनचा आहे. संगणकाच्या ध्वनिविषयक मांडणीत अथवा दूरसंवादाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय सुरू असते. ती बंद करावी. ‘मायक्रोफोन बूस्ट’ हा पर्यायही त्याच वेळी तपासावा.

५. उगमाशी उपाय : अंतर, दिशा आणि खोली

गोंगाटावरील सर्वांत परिणामकारक उपाय विनामूल्य आहे. माइक व तोंड यांतील अंतर निम्मे केले, की माइकपर्यंत पोहोचणारा थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. खोलीभर पसरलेला गोंगाट मात्र तेवढाच राहतो. समजा, माइकच्या जागी पंख्याचा आवाज ४५ डेसिबल आहे आणि एक मीटरवरून बोलणे ६० डेसिबल पोहोचते. येथे फरक अवघा १५ डेसिबलचा. अंतर ५० सेंटिमीटर केल्यास तो २१ आणि २५ सेंटिमीटर केल्यास २७ होतो. आता गेन १२ डेसिबलने कमी करता येतो आणि पंख्याचा आवाजही मुद्रणात तेवढाच खाली जातो.

फार जवळ गेल्यास दोन अडचणी येतात. दिशाग्राही माइकमध्ये खर्जाचा भाग अवाजवी वाढतो. आणि प, फ, ब, भ यांच्या उच्चारांतील हवेचा झोत माइकवर आदळतो. माइक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता किंचित तिरका ठेवल्यास दुसरी अडचण बरीचशी दूर होते. कार्डिऑइड प्रकारचा माइक मागच्या बाजूने कमीत कमी ध्वनी घेतो. त्यामुळे त्याची पाठ खिडकीकडे अथवा फ्रिजकडे येईल अशी मांडणी करावी. ८० हर्ट्झखालील ध्वनी गाळणारी चाळणी लावल्यास पंख्याची व वाहनांची गुरगुर कमी होते. मात्र विजेच्या घरघरीतील १०० व १५० हर्ट्झचे घटक तिच्यातून निसटतात.

खोलीचा घुमारा हा वेगळा प्रश्न आहे. शहाबादी फरशी, उघड्या भिंती आणि मोकळी खोली यांत शब्द एकमेकांवर पसरतात. गोधड्या, जाड पडदे, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट, पुस्तकांची मांडणी यांनी घुमारा कमी होतो. परंतु गोधडीने बाहेरचा आवाज अडत नाही. त्यासाठी वजनदार भिंत आणि फटी बुजविलेले दार-खिडक्या लागतात. भिंतीवर अंड्यांचे ट्रे लावल्याने तर बाहेरचा आवाज मुळीच अडत नाही व घुमाराही विशेष कमी होत नाही. ज्या घरात बाहेरचा आवाज थांबविता येत नाही, तेथे पहाटेची किंवा दुपारची शांत वेळ निवडणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

गोंगाट कशाला म्हणावे, हे मुद्रणाच्या हेतूवर अवलंबून असते, याचेही भान हवे. जात्यावरच्या ओव्या मुद्रित करताना जात्याची घरघर हा त्या गाण्याचा आधार असतो. ती काढून टाकणे म्हणजे पुराव्याचा एक भागच नष्ट करणे होय. त्याच अंगणातून जाणाऱ्या दुचाकीचा आवाज मात्र गोंगाट ठरतो.

६. हेडफोनच्या पातळीचे दोष

६.१ आवाज कमी येणे : हेडफोनला मिळणारी विद्युत शक्ती ही व्होल्टेजच्या वर्गाला संरोधाने भागून मिळते. एका व्होल्टला ३२ ओहमच्या हेडफोनला सुमारे ३१ मिलिवॉट, तर २५० ओहमच्या हेडफोनला केवळ ४ मिलिवॉट शक्ती मिळते. इतर गुणधर्म सारखे असतील, तर हा फरक सुमारे ९ डेसिबलचा, म्हणजे कानाला जवळजवळ निम्मा आवाज वाटण्याइतका आहे. बेयरडायनॅमिक डीटी ७७० प्रो हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा वेगवेगळ्या प्रकारांत मिळतो, हे खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे. लॅपटॉप किंवा छोट्या ऑडिओ इंटरफेससाठी कमी संरोधाचा प्रकार योग्य ठरतो.

६.२ फक्त स्वतःचा आवाज कमी येणे : अनेक इंटरफेसवर थेट संकेत आणि संगणकातून येणारा संकेत यांचे प्रमाण ठरविणारे वेगळे बटण असते. ते संगणकाच्या बाजूला पूर्ण फिरलेले असल्यास स्वतःचा आवाज क्षीण येतो. अशा वेळी गेन वाढविणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. मापक योग्य पातळी दाखवीत असेल, तर गेनला हात लावू नये.

६.३ एकाच कानात आवाज येणे : एकच माइक डाव्या वाहिनीला जोडून स्टिरिओ मुद्रण केल्यास असे होते. मोनो मुद्रण निवडावे. याउलट, मुद्रित व्याख्यानातील मधला आवाजच नाहीसा होऊन पोकळ अवशेष ऐकू येत असेल, तर हेडफोनच्या पिनेचा सामाईक जोड सुटलेला असतो; पिन पूर्ण आत बसवावी.

६.४ आवाज दुहेरी येणे : थेट श्रवण आणि सॉफ्टवेअरमधील श्रवण ही दोन्ही सुरू असल्यास दुसरा आवाज उशिरा पोहोचतो. ४८,००० हर्ट्झ नमुनादराला २५६ नमुन्यांचा साठा सुमारे ५ मिलिसेकंदांचा, तर १०२४ नमुन्यांचा सुमारे २१ मिलिसेकंदांचा विलंब घडवितो. यांपैकी एक श्रवण बंद करावे. ब्लूटूथ हेडफोनमध्ये हा विलंब याहून कितीतरी अधिक असतो. स्वतःचा आवाज उशिरा कानी पडल्यास बोलणे अडखळते, हे बर्नार्ड ली यांनी १९५० मध्ये दाखविले होते. म्हणून मुद्रण करताना तारेचाच हेडफोन वापरावा.

६.५ हेडफोनमधील आवाज माइकमध्ये जाणे : मागून उघड्या रचनेचे हेडफोन अथवा एक कान उघडा ठेवण्याची सवय यांमुळे हेडफोनमधील ध्वनी पुन्हा मुद्रित होतो. येथे श्रवणमार्ग मुद्रणमार्गात शिरतो आणि गोंगाटाचा एक नवाच स्रोत निर्माण होतो. बंद रचनेचा हेडफोन व कमी पातळी हाच यावरील उपाय.

७. हेडफोनची पातळी आणि वक्त्याचा आवाज

हेडफोनच्या बटणाचा फाइलवर थेट परिणाम होत नाही. परंतु तो वक्त्यामार्फत होतो. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवून बोलतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्यकाने १९११ मध्ये नोंदविले. याची दुसरी बाजूही अभ्यासकांना परिचित आहे : स्वतःचा आवाज कानांत मोठा आला, की माणूस हळू बोलू लागतो.

घरगुती मुद्रणात याचे परिणाम दुहेरी आहेत. हेडफोन फार मोठा ठेवला, तर वक्त्याचा आवाज खाली येतो. मापक खाली गेल्याचे पाहून तो गेन वाढवितो आणि खोलीचा गोंगाट त्याबरोबर वर येतो. शिवाय मोठ्या हेडफोनमध्ये तोच गोंगाट प्रत्यक्षाहून भयंकर वाटतो. याउलट हेडफोन फार लहान ठेवला, तर वक्ता ओरडून बोलतो, घसा थकतो आणि शेंडे कापले जातात. म्हणून आधी माइकचे अंतर, मग नैसर्गिक बोलण्याला अनुसरून गेन आणि सर्वांत शेवटी हेडफोनची पातळी, हा क्रम पाळावा. आवाज न चढविता व न उतरविता बोलता येते, ती हेडफोनची योग्य पातळी होय.

श्रवणसुरक्षेचाही विचार येथे आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या २०१८ च्या मानकात प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबल पातळीचे ४० तास ही मर्यादा सुचविली आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली, की सुरक्षित कालावधी निम्मा होतो. बारीक गोंगाट शोधण्यासाठी हेडफोन पूर्ण वाढवून तासन्तास ऐकण्याऐवजी मापकाचा आधार घेणे, हे कानांच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे.

८. सॉफ्टवेअरने गोंगाट काढण्याच्या मर्यादा

ऑडॅसिटीसारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये मौनाचा नमुना देऊन तशाच स्वरूपाचा गोंगाट संपूर्ण फाइलमधून वजा करण्याची सोय असते. वजाबाकीचे हे तत्त्व १९७९ मध्ये स्टीव्हन बोल यांनी मांडले. पंख्यासारखा एकसुरी गोंगाट त्याने कमी होतो. हॉर्न किंवा शिट्टी यांवर त्याचा उपयोग नाही. प्रमाण वाढविल्यास पाण्यातून आल्यासारखी किणकिण ऐकू येते.

मराठी मुद्रणात याहून गंभीर हानी संभवते. स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांतील घर्षण व महाप्राण यांचे स्वरूप सूं अशा गोंगाटाशी मिळतेजुळते असते. वजाबाकीत तेही झिजते. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतील ‘ज’चा भेद लिखाणात दिसत नाही, केवळ उच्चारात असतो. बोलींच्या अभ्यासकाला हाच भेद हवा असतो. ठरावीक पातळीखालील सर्व ध्वनी बंद करणारी ‘गेट’ ही सोय तर आणखी धोकादायक आहे. मराठी वाक्यात क्रियापद आणि नकार बहुधा शेवटी येतात व तेथे वक्त्याचा आवाज उतरतो. ‘हे विधान सिद्ध झालेले नाही’ या वाक्यातील ‘नाही’ गेटने गिळले, तर विद्यार्थ्यापर्यंत नेमके उलट विधान पोहोचण्याचा संभव असतो. म्हणून सॉफ्टवेअरचा वापर मापात करावा, प्रत्येक वाक्याचा शेवट ऐकून तपासावा आणि मूळ, असंस्कारित फाइल कायम जतन करावी.

९. निष्कर्ष

(१) ऐकू येणारा दोष आणि मुद्रित झालेला दोष यांत प्रथम भेद करावा. पहिल्याचा निर्णय दुसऱ्या उपकरणावर ऐकून व दुसऱ्याचा मापक पाहून घ्यावा.

(२) गोंगाटावर उगमाशीच उपाय करावा. माइकचे अंतर व दिशा यांतून मिळणारा लाभ नव्या उपकरणातून मिळणाऱ्या लाभाहून अनेकदा मोठा असतो.

(३) गेन मापक पाहून व हेडफोनची पातळी बोलण्याची सहजता पाहून ठरवावी. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढू नये.

(४) सॉफ्टवेअर हा अखेरचा उपाय होय. त्याने गोंगाटाबरोबर भाषेचाही अंश कमी होतो.

महाविद्यालयांनी ध्वनिमुद्रण साहित्याच्या खरेदीआधी अध्यापकांना वरील निदानक्रमाचे एक दिवसाचे प्रात्यक्षिक दिल्यास, उपलब्ध साधनांतूनच मुद्रणाचा दर्जा पुष्कळ सुधारू शकेल.